एक पिन कमी

"अहो दादा, बाजूला घ्या जरा. पिन बघायचीये."

"कसली पिन? तुम्ही आरटीओच्या का?"

"नाही."

"मग पोलिसाच्या?"

"नाही हो. कारखान्यात असते मी. एक मिनिट लागेल."

"आन् पावती?"

"पावती नाही काही. घासते फक्त."

उसाचा हंगाम सुरू झाल्यापासून धायरी फाट्याच्या पुढे सकाळी हे नाटक रोज चालतं. ट्रॅक्टरवाला वैतागून इंजिन बारीक करतो. बुटकी, घट्ट अंबाडा घातलेली एक बाई खांद्यावरच्या पर्समधून लाकडी मुठीची कानस काढते, ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे उकिडवी बसते आणि दोघांना जोडणाऱ्या पिनेच्या डोक्यावर कानस ओढते. खर्रर्र. लोखंडाचा चिमूटभर भुसा खाली पडतो. तो पडला की तिचे खांदेही खाली येतात.

"जा दादा. नीट जा."

"झालं? पोरगी बघायला आलेलीबी एवढं निरखून बघत न्हाईत."

एरवी ती अशा बोलण्यावर खळखळून हसली असती. उलट एक टोमणाही मारला असता. आता ती पुढचा ट्रॅक्टर बघायला लागलेली असते.

हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं चहाच्या टपरीवाल्याचं मत आहे. तसं ते खोटंही नाही.

सत्यशीला ओव्हाळ हिचं नाव. राहायला कर्वेनगरात, कॅनॉलच्या कडेला. वडील कचरू पिंपरीला एका फोर्जिंगच्या कारखान्यात होते. घणाच्या आवाजाने त्यांचे कान गेले आणि ते घरातही ओरडूनच बोलायचे. 'पोरी, भाकर वाढ' हे शेजारच्या आळीला कळायचं. त्यांच्याच हट्टापायी सत्यशीला आयटीआयला गेली आणि धायरीत हिंमतरावांच्या हीट ट्रीटमेंटच्या वर्कशॉपमध्ये लागली. "बसून करायचं काम आहे, बाई चालेल," असं हिंमतराव तेव्हा म्हणाले होते. ते 'बसून करायचं काम' म्हणजे भट्टीतून आलेल्या मालाचा कडकपणा मोजायचा आणि माल सोडायचा की नाही ते ठरवायचं. नवरा गेला, मुलगी कॉलेजला लागली, हिंमतरावांचे केस पांढरे झाले. सत्यशीला त्याच मशीनसमोर बसलेली.

नवीन माणूस आला की ती त्याला काम पापडावरून शिकवायची.

"पापड भाजला की कसा होतो?"

"कडक."

"आणि दाबला की?"

"मोडतो."

"पोलाद लालभडक करून तेलात बुडवलं की त्याचा तसा पापड होतो. कडक, एकदम कडक. कानस फिरवली तर काचेवरून घसरावी तशी घसरते. पण एक झटका बसला की दोन तुकडे. बरं, भाजलेला पापड रात्रभर उघडा राहिला तर?"

"वातड होतो."

"खाणाऱ्याला नको असतो तो वातडपणा. आपल्याला तोच पाहिजे. म्हणून तेलातून काढलेला माल परत भट्टीत घालायचा, मंद आचेवर. थोडा कडकपणा जातो आणि चिवटपणा येतो. ह्याला टेंपर म्हणतात. टेंपर न केलेला माल ह्या दारातून बाहेर गेला नाही पाहिजे. कळलं?"

टेंपर झालेल्या ट्रेवर ती गेरूचा एक ठिपका लावायची. मार्करची शाई गरम ट्रेवर टिकत नाही, गेरू टिकतो. ही युक्ती तिची स्वतःची. गेरूचा ठिपका म्हणजे सत्यशीलाबाईंची सही, असं वर्कशॉपमध्ये सगळे मानायचे.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी ट्रॉलीच्या पिनांचा एक ट्रे तेलातून निघाला. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि सत्यशीला दरवर्षीप्रमाणे नागपूरला, दीक्षाभूमीला निघाली होती. बॅग मशीनखालीच ठेवलेली.

"उत्तरेश्वरभाऊ, हा ट्रे अजून पापड आहे हं. लहान भट्टी तापली की आधी हाच घाला."

उत्तरेश्वर म्हणजे भट्टीवरचा माणूस. बीडकडचा, आवाजाने मऊ, भट्टीने चेहरा तांबूस झालेला.

"घालतो की ताई. तुम्ही गाडी पकडा. दीक्षाभूमीला आमचाबी नमस्कार सांगा."

ती गेली आणि थोड्याच वेळात हिंमतरावांची आई, सुंदराबाई, पूजेचं ताट घेऊन हजर झाली. दुपारी राहुकाळ होता, तेव्हा पूजा आत्ताच. भट्ट्या बंद झाल्या, पुसल्या गेल्या, झेंडूच्या माळा चढल्या. आजींनी कुंकवाचं बोट उचललं आणि समोर येईल त्याला लावत सुटल्या. मोठी भट्टी, लहान भट्टी, तेलाची टाकी, हातोडे, चिमटे, कॉम्प्युटर, भिंतीवरचा पंखा. आणि रचून ठेवलेले ट्रे.

"साहेब, एक ट्रे टेंपरचा राहिलाय," उत्तरेश्वर हळूच म्हणाला.

"आता? पूजा झालेल्या भट्टीला आज हात लावायचा? आईला विचार बाबा तू."

आजींना विचारायची कुणाची टाप होती? पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. उत्तरेश्वरही तेच मानणारा. आल्यावर बघू म्हणून तो संध्याकाळच्या गाडीने गावाला गेला.

सत्यशीला नागपूरहून परतली ती थेट कामावर. गळ्यात निळा स्कार्फ तसाच. उत्तरेश्वरही त्याच सकाळी आलेला. भट्टीची माळ उतरवत होता.

"भाऊ, पिना कधी टेंपर केल्या?"

"म्या? म्या न्हाई केल्या. पूजा झाली ना लगीच. ट्रे हितंच व्हता की."

ट्रे नव्हता.

राकेश म्हणजे डिस्पॅचचा मुलगा, दिवाळीनंतर पर्मनंट होणार म्हणून खुशीत असलेला. तो कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाला, "पिनांचा ट्रे? काल गेला. चेतनशेठचा टेम्पो आला होता ना."

"गेला? कोणी सोडला?"

"मॅडम, लाल टिपका होता की त्याच्यावर!"

सत्यशीलाने मान वर केली. टाकीवर लाल टिपका. भट्टीच्या दारावर लाल टिपका. तिच्या मशीनच्या कपाळावर लाल टिपका.

"पंख्यालाही टिपका आहे, राकेश. तो का नाही पाठवलास?"

राकेशने पंख्याकडे बघितलं. मग हळूहळू त्याच्या तोंडावरचा रंग उतरला.

तिने चेतनला फोन लावला. चेतनचं ट्रॉल्या बांधायचं वर्कशॉप तिथून हाकेच्या अंतरावर.

"बाई, पिना एक नंबर आल्यात! चकाकतायत नुसत्या."

"लावल्या का कुठे?"

"एका ट्रॉलीला लावली. आत्ताच तर गेला. शंभू ड्रायव्हर, साताऱ्याकडे. फाट्यावरून ऊसतोडीची टोळी उचलली आणि निघाला."

"माणसं आहेत ट्रॉलीत?"

"टोळी म्हटल्यावर माणसंच असणार, बाई. बायका, पोरं, कोंबड्या, सगळा संसार."

"चेतनशेठ, बाकीच्या पिनांना हात लावू नका. शंभूला फोन करा. थांबव म्हणावं, आहे तिथं थांबव!"

"करतो, पण तो कुठला उचलतोय. कर्णे लावलेत त्याने टपावर, स्वतःचं नाव ऐकू येत नाही त्याला."

हिंमतराव चहाचा कप घेऊन दारात उभे होते. "झालं काय?"

"साहेब, पापड बाहेर गेलाय."

एवढं एकच वाक्य. हिंमतरावांच्या हातातला कप तिरका झाला आणि चहा बुटावर सांडला. ते 'अहो, पण तुम्ही कशाला' म्हणेपर्यंत ती कानस उचलून उत्तरेश्वरच्या मोटारसायकलवर मागे बसलेली होती.

नवले पुलापासून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंतचा तो चढ. समोरच्या बाजूने उतरणारे ट्रक तिथे किती वेळा सुटलेत, ते पुण्यात लहान पोरालाही माहीत आहे. चढणारा ट्रॅक्टर मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही. ट्रॉलीला ब्रेक नसतो. जोडीला साखळी लावायची असते, ती कोणी लावत नाही. मधे असते फक्त पिन.

"ताई, आमच्याकडचीच असतील ओ ती माणसं. दसरा झाला की निघत्यात. माझी बहीणबी निघती..." उत्तरेश्वरचा आवाज वाऱ्यात फाटत होता. "म्या भट्टी पेटवायला पायजे व्हती. आजी वरडल्या असत्या, वरडू दे. म्या पेटवायला..."

"भाऊ, पुढे बघा. ट्रक आहे."

"तुटली असंल का?"

"पुढे बघा म्हणते ना!"

गाणं आधी ऐकू आलं. मग ट्रॉली दिसली. नव्या निळ्या रंगाची, कोऱ्या पत्र्याची. वर गाठोडी, एक लोखंडी पलंग, पातेली आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. एक बाई पोराला पाजत होती. ट्रॅक्टर काळा धूर ओकत, माणसाच्या चालीने चढत होता. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा नुसता कल्लोळ.

मोटारसायकल ट्रॅक्टरच्या बरोबरीला आली. सत्यशीलाने हात हलवला.

"ए दादा! थांब! थांब!"

शंभूने मान वळवली. तिशीचा, गॉगल घातलेला गडी. त्याने गाणं बारीक केलं आणि पाय ब्रेककडे नेला. तेवढ्या क्षणात तिच्या डोक्यात काहीतरी लख्खकन झालं.

"थांबू नको! नको थांबू!"

"आं? आत्ता तर थांब म्हनला!"

"ताई, काय करताय?" उत्तरेश्वर ओरडला.

"भाऊ, चढावर थांबला तर परत उचलताना झटका बसेल. ती पिन ओढ सहन करतेय, झटका सहन नाही करणार!" मग ट्रॅक्टरकडे वळून, घसा खरवडून, "दादा, गियर बदलू नको! ब्रेक मारू नको! असाच, ह्याच चालीने वर चल! पिन कच्ची आहे तुझी!"

"कच्ची? कालच घेतलीया!"

"तुझ्या पाया पडते! एका दमात वर चल!"

बाईच्या आवाजात काय होतं कोण जाणे, शंभूने गाणं पूर्ण बंद केलं आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.

उत्तरेश्वरने गाडी ट्रॉलीच्या मागे घेतली. सत्यशीला मागच्या सीटवर उलटी वळून बसली आणि गळ्यातला निळा स्कार्फ काढून मागच्या गाड्यांना दाखवायला लागली. मागे, मागे राहा. एका मोटारवाल्याने काच खाली केली. "मॅडम, मोर्चा आहे का?" ती फक्त स्कार्फ हलवत राहिली. पाठीमागे ट्रॉलीची चाकं किती जवळ आहेत ते तिला दिसत नव्हतं. उत्तरेश्वर काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक देवाचं नाव. रस्त्यात एक खड्डा आला. ट्रॉली दणकली, पातेली खणखणली, आणि त्या खणखणाटात तुटल्याचा आवाज कुठला आणि भांड्यांचा कुठला, हे तिला कळेना. तिने डोळे मिटले. ट्रॉली चढतच होती.

बोगद्याच्या अलीकडे रस्ता थोडा सपाट होतो. उत्तरेश्वर गाडी दामटून पुढे गेला आणि कडेचे दगड ओढायला लागला. ट्रॉलीतून दोन गडी उड्या टाकून धावले. ट्रॅक्टर हळूच टेकला, तसे मागच्या चाकांना दगड लागले, मग पुढच्या. मगच शंभू खाली उतरला.

सगळी माणसं खाली उतरली. सत्यशीला मधे बसली आणि पिनेवर कानस ओढली. सर्रर्र. कानस घसरली. पिनेवर ओरखडासुद्धा नाही.

"आसं काय करताय बाई?" शंभू आता चिडला होता. "कानसबी बसंना एवढी कडक पिन, आन् तुम्ही कच्ची म्हणताय? ट्रॅक्टर तुटंल, ही न्हाई तुटायची."

"काढ बाहेर. दोन दगडांवर ठेव. आणि मार."

"मारतो की. नुकसान तुमचं."

त्याने टूलबॉक्समधून घण काढला. हातावर थुंकी घेतली, उचलला आणि हाणला. लोखंडावर लोखंड वाजल्यासारखा आवाज आलाच नाही. कपबशी फुटावी तसा आला. एक तुकडा उडून उत्तरेश्वरच्या नडगीला लागला आणि पँटमधून रक्त आलं. तो हललाही नाही. तुटलेल्या तोंडावर पोलाद राखाडी, रवाळ दिसत होतं, ओल्या साखरेच्या ढेकळासारखं.

पोराला घेतलेली ती बाई पुढे आली. तिने तुकडा बघितला, मग मागे वळून चढाकडे बघितलं. खाली, लांबवर, नवले पूल.

"आन् आमी ह्याच्या भरवशावर बसलो व्हतो?"

सत्यशीलाने मान हलवली.

इथे संपलं असतं तर ती आजही टोमण्यांवर हसली असती.

दुपारी चेतनच्या वर्कशॉपमध्ये तिने स्वतः पिना मोजून घेतल्या. परत मोजल्या. मग चेतनला मोजायला लावल्या.

"एक कमी आहे."

"ती शंभूची धरली का?"

"धरली. तरी एक कमी."

चेतनने डोकं खाजवलं. "हां. सुट्टी एक नेली कुणीतरी. काल संध्याकाळी. काउंटरवर आला, घेऊन गेला."

"कोण?"

"काय माहीत. टोपीवाला होता."

"अहो, पुणे जिल्ह्यात निम्मे टोपीवाले आहेत! गाव? गाडी? काही?"

"बाई, सुट्ट्या पिनेला कोण आधार कार्ड मागतं?" मग तिचं तोंड बघून तो जरा नरमला. "खुंटी म्हणून नेली असेल. म्हशीला बांधायला. नेतात लोक."

म्हशीची खुंटी. ती आशा तिने कितीतरी दिवस उराशी धरली. म्हैस किती ओढणार? पण रात्री डोळा लागला की ट्रॉलीच दिसायची.

ती हिंमतरावांकडे गेली. पेपरात जाहिरात द्या म्हणाली.

"काय छापू?" हिंमतरावांनी चष्मा काढला. "'आमची पिन वापरू नका, जीव जाईल. आपला नम्र, हिंमतराव'? म्हणजे गिऱ्हाइकं येतील रांग लावून."

"माणसं मरतील साहेब."

"सत्यशीलाबाई, मला काय झोप लागतेय? पण ह्या शेडवर किती घरं चालतात? तुमचं त्यातलं एक."

जाहिरात आली नाही. उत्तरेश्वरने टोळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला, 'भावांनो, धायरीची नवी पिन घेतली आसंल तर लावू नका, आधी मला फोन करा.' उत्तरं आली. हात जोडलेले, फुलं, शुभ सकाळ. फोन एकाचाही नाही.

सुंदराबाई एकदा टेस्टिंगच्या खोलीत आल्या. पूजेचा दिवस सोडला तर त्या इकडे कधी फिरकल्या नव्हत्या. स्टुलावर टेकल्या, पदराशी चाळा करत राहिल्या.

"माझ्या कुंकवानं झालं का गं हे?"

"नाही आजी."

"खरं सांग."

"खरंच. लाल रंग मी निवडला होता. वर्षानुवर्षं तुम्ही इथे कुंकू लावताय, मी दरवर्षी तेव्हा नागपूरला असते. एकदा राहून बघितलं असतं तर कळलं असतं."

आजी उठल्या. दारातून म्हणाल्या, "सापडली की मला सांग हो." आता रोज संध्याकाळी हिंमतरावांना त्या एवढंच विचारतात, सापडली का?

गेरू बंद झाला. आता टेंपर झालेल्या प्रत्येक पिनेवर सत्यशीला पंचाने खूण ठोकते. ठोकताना हात दुखतो, तो दुखला की तिला बरं वाटतं. आणि शिफ्टच्या आधी ती फाट्यावर जाते.

"आई, तू त्या सगळ्या ट्रॉल्या कशा तपासणार?" मुलगी श्रद्धा एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली. "ते लोक हसतात गं तुला. माझ्या मैत्रिणींनी बघितलं."

"हसू दे."

"तो माणूस कदाचित बारामतीकडे गेला असेल. किंवा नगरला. ह्या रस्त्याने येणारच नाही कधी!"

"माहितीये मला."

"मग?"

"मग काय करू? घरी बसू?"

दुसऱ्या दिवशी श्रद्धाने आईच्या पर्समध्ये बोथट झालेल्या कानशीच्या जागी नवी ठेवली.

परवाची गोष्ट. सकाळी थंडी होती. एक जुना ट्रॅक्टर आला, जुनीच ट्रॉली, गंज चढलेली. आणि जोडाच्या जागी काहीतरी नवं चकाकत होतं. सत्यशीलाने हात केला.

"दादा! थांबा! पिन!"

ड्रायव्हरच्या डोक्यावर टोपी होती. त्याने तिला बघितलं की नाही, देव जाणे. कर्ण्यावर गाणं लागलेलं. ती धावली. चपलेचा अंगठा तुटला, तशीच धावली. ट्रॉलीत बायका होत्या, गाठोडी होती. मागच्या फळीवर दोन पोरं लोंबकळत होती. एक बाई आपल्या मागे पळतेय म्हणून ती दोघं खिदळली आणि त्यांनी हात हलवला. टाटा.

"थांबवा! अरे, सांगा त्याला, थांबव म्हणावं!"

पोरांनी अजून जोरात हात हलवला.

ती थांबली. छाती भरून आली होती, पुढे पळणं शक्य नव्हतं. फोनवर उत्तरेश्वरला 'गाडी काढा, भाऊ' एवढं कसंबसं म्हणाली आणि हातात कानस तशीच धरून चढाकडे तोंड करून उभी राहिली. टपरीवाल्याने ओरडून विचारलं, "बाई, चहा घेता का?" तिने हात वर करून त्याला गप्प केलं. ती ऐकत होती. गाणं बारीक होत होत पुलाच्या पलीकडे गेलं, मग चढाला लागलं. त्याच्या मागे इंजिनचा आवाज, धाप लागल्यासारखा. मग तोही मोटारींच्या आवाजात मिसळला. तरी ती कान देऊन तशीच उभी होती, कपबशी फुटल्यासारखा आवाज येतोय का ते ऐकत.